भावाला खोलीत कोंडू नका, ताई

ताई, तुमचं वाचलं. भाऊ चार-पाच वर्षांपासून रोज पितो, वहिनी लेकरं घेऊन माहेरी गेलीय, अन आई म्हणायलीय की आठ दिवस खोलीत कोंडू आणि ती जाहिरातीतली पावडर गुपचूप वरणात कालवू. दोन्ही करू नका. आम्ही कोंडून बघितलंय म्हणून सांगतोय.

आमचं गाव अंबाजोगाईच्या बाजूचं. पोळा झाल्यावर मी अन चुलत्यानं माझ्या पिणाऱ्या दादाला कापसाच्या रिकाम्या खोलीत घातलं, बाहेरून कडी. पहिली रात्र नुसत्या शिव्या. दुसऱ्या दिवशी दरदरून घाम, हात असे थरथरायले की कपबशी धरता येईना, आम्ही म्हणलं निघायलीय अंगातली दारू, निघू दे. संध्याकाळी फिट आली तर कांदा हुंगवला. तिसऱ्या रात्री गोधडीवरच्या मुंग्या वेचायला लागला, मुंग्या नव्हत्याच, अन गोठ्यात कोण शिरलंय म्हणून ओरडायचा. आई म्हणली बाहेरचं लागलंय, त्यात देवऋष्याकडं अर्धा दिवस गेला, मग कुठं जीपमधी टाकून दवाखाना गाठला. डॉक्टर लई बोलले आम्हाला, बरोबरच होतं त्यांचं.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की 6 ते 24 तासांत थरथर सुटते, फिट येणार असली तर बहुतेक पहिल्या 48 तासांत, अन तो मुंग्या-माणसं दिसण्याचा प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. त्यात माणूस जातो, ताई. दवाखान्यात गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात ते यासाठीच. अजून एक, गावात कुणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावत असेल तर आधी विचारा, बी-1 दिलं का, कारण लई दिवस पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व उरलेलं नसतं अन ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका होऊ शकतो. संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) घाटी सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या स्वारातीत, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या.

पावडरीचं म्हणाल तर त्या पुडीत काय असतंय ते देणाऱ्यालाच ठाऊक. दारू सोडायची डायसल्फिरामची गोळी खरी असते, पण ती घेऊन वर दारू प्याली की तोंड लाल, छाती धडधड, उलट्या, बीपी खाली, कधी कधी जिवावर बेततं. म्हणून ती घेणाऱ्याला सांगूनच देतात, चोरून नाही.

आता माझी खरी चूक. दादाची टपरीवरची उधारी मी फेडायचो, सोयाबीनचे पैसे आले की पहिले तिकडं, का तर गावात नाव जाऊ नये. तो कामावर गेला नाही की ताप आलाय म्हणून फोनही मीच करायचो. म्हणजे पाजायलो मीच की! एक दिवस सगळ्या टपऱ्यांवर सांगून आलो, इथून पुढं एक रुपाया देणार नाही, त्याचं तो बघील. आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी. पण सातबाऱ्यावर मात्र नजर ठेवा, पिऊन अंगठा देणारे अन घेणारे दोन्ही आपल्याकडं कमी नाहीत.

बोलायचं तर सकाळी, उतरलेली असताना, अन एकानंच. रात्री भांडून काही उपयोग नाही, त्याला सकाळी आठवतच नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिल अन डॉ. सुनंदा अवचटांनी 1986 साली काढलं, दादा तिथं राहून आला. जवळचं केंद्र बघणार असाल तर त्याची नोंदणी आहे का विचारा, मारून सुधरवतो म्हणणारांच्या नादी लागू नका. त्यानं पंढरपूरला माळ घातली तरी आनंदच, माळेवर सुटलेले मी बघितलेत, फक्त औषधाच्या जागी माळ नको. आमचा दादा सात महिन्यांनी एका हळदीत परत प्याला. वाटलं संपलं, पण दुसऱ्यांदा मुक्तांगणला गेला, आता न पिता तीन वर्षं झाली.

तुमच्यासाठी अल-अनॉन बघा, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, अमेरिकेत 1951 ला सुरू झालेला. तिथं पहिलं हेच कळतं की त्याची दारू आपण लावली नाही अन ती सोडवणंही आपल्या हातात नाही. मी पहिल्या दिवशी नुसता रडलो. फोनवर विचारायचं तर नशामुक्तीचा 14446, मन लईच खचलं तर 14416.

वहिनीला परत आणायची घाई करू नका. मारहाण झाली असेल तर 181, बायकांच्या मदतीचा नंबर, तिच्या मोबाईलमधी घालून द्या. अन आईनं आधीच कडी लावली असेल तर पहिले ती काढा, शेवटची कधी प्याला ते विचारा, थरथर किंवा घाम असेल तर 108 लावा, मला उत्तर नंतर लिहा.