कंसातली ३१ वर्षं

मावशी,

मी ३३ वर्षांचा, चाकणला एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. गेली चार वर्षं जर्मनीला जायचं डोक्यात होतं. शनिवार-रविवारी जर्मन भाषेचा क्लास करून बी-१ परीक्षा पास झालो आणि आता श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. ब्लू कार्डचे, म्हणजे तिकडच्या कामाच्या परवान्याचे, कागद चालू आहेत, जानेवारीत रुजू व्हायचंय. बायको तयार आहे. आई अधूनमधून रडून घेते, पण तीही तयार आहे. प्रश्न बाबांचा आहे. ते ‘जा’ म्हणतात, त्यापुढे चकार शब्द नाही. तिकडचे फोटो दाखवायला गेलो की पेपर उघडून बसतात.

मला मनापासून वाटतं की दोघांनी दरवर्षी तीन महिने तरी तिकडे यावं. पुढे आई-वडिलांना कायमचं नेता येईल असा नियमही झालाय. पण बाबांना (ते एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला, ३१ वर्षं) प्रवासाची आवडच नाही. आम्ही दर पावसाळ्यात कुठे ना कुठे जातो. ठोसेघर, महाबळेश्वर, एकदा भंडारदरा. बाबा घरीच. गेल्या सप्टेंबरात मात्र हट्टाने कासला नेलं. ऑनलाइन बुकिंग केलं, पहाटे उठून निघालो. पोचल्यावर म्हणाले, तुम्ही या जाऊन, मी थांबतो गाडीत. तीन तास तिथेच बसून होते! मुलगी ‘आजोबा चला ना’ करून रडली, बायकोचा मूड गेला. परत आलो तर गाडी वळवून, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवली होती, तेवढंच काय ते केलं. घराजवळचं कास बघायचा उत्साह नाही, तो माणूस जर्मनीत येऊन काय बघणार? त्यांना आता, ६६व्या वर्षी, प्रवासाची आवड कशी लावू? आणि त्यांना असं सोडून जाताना अपराधी वाटतं, त्याचं काय करू?

एक सातारकर

*

अरे सातारकरा,

अपराधी वाटण्याचं आधी उरकून टाकते. जा. चार वर्षं सुट्ट्या मोडून मिळवलेली नोकरी आहे. बाबा ‘जा’ म्हणालेत ते मनापासून म्हणालेत असं धर आणि बॅग भरायला घे. यावर मी आणखी एक ओळही लिहिणार नाही.

मला बोलायचंय तुझ्या कंसाबद्दल.

ठोसेघर, भंडारदरा, कासचं बुकिंग, सगळं तू ऐसपैस लिहिलंस. बाबांची ३१ वर्षं तेवढी कंसात घातलीस. आणि कंस बंद झाल्या झाल्या पुढचे शब्द काय, तर ‘प्रवासाची आवडच नाही’. हे वाचून मला राग आला आणि तो मी लपवणार नाही. ज्या माणसाने ३१ वर्षं रस्त्यावर काढली, ज्याच्या त्या रस्त्यावरच्या पगारातून तुझी फी भरली गेली, त्याला प्रवासातलं काही कळत नाही असं त्याच्याच मुलाने लिहायचं?

बाबांचा रूट कुठला होता?

आठवून बघ. डेपो तुला माहीत आहे, वर्षं माहीत आहेत. रूट? मुक्कामी गाडी कुठल्या गावाची? पत्रात नाही, आणि मला दाट शंका आहे की तुला ठाऊकच नाही. एवढी वर्षं एका घरात राहून हे कधी विचारावंसं वाटलं नाही?

का विचारते ते सांगते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून जाणारा रस्ता पुढे बामणोलीला उतरतो, कोयनेच्या जलाशयाच्या काठी. बामणोलीची एसटी याच रस्त्याने जाते, कासचं पठार ओलांडूनच. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, त्यात कासही होतं, आणि मग आपण सगळे तिकडे धावायला लागलो. त्याआधीही भाद्रपदात तिथे तेरडा पसरायचाच. सोनकी पिवळीधमक व्हायची, ओल्या कातळावर सीतेची आसवं निळीजांभळी उमलायची. तेव्हा ते बघायला कोण असायचं? गुरं चारणारी माणसं, आणि एसटीतले उतारू. त्यातही सगळ्यात मोठी काच ड्रायव्हरसमोर. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. बाबा त्या रस्त्याला असतील, तर नोकरीत त्यांनी ती चारदा तरी पाहिली असेल. तू अजून एकदाही पाहिली नसशील.

ते त्याच रस्त्याला होते असा माझा दावा नाही. सातारा डेपोचा ड्रायव्हर मुंबईला जात असेल, पंढरपूरला जात असेल, जावळीतल्या एखाद्या वाडीला जात असेल. पण ज्याला तू ‘कास दाखवायला’ नेलंस, त्याला आधी एवढं तरी विचारायचं होतंस की बाबा, तुम्ही इथे आला होतात का.

आता ते तीन तास. तुला त्यात हट्ट दिसला, बायकोला रुसवा दिसला असेल. मला दिसली ती वळवून ठेवलेली गाडी.

ड्रायव्हरचं पोचणं आपल्यासारखं नसतं रे. आपण पोचलो की उतरतो, हातपाय मोकळे करतो, सुटतो. त्याची गाडी उभी राहिली तरी ड्यूटी संपलेली नसते. गाडी वळवायची, तोंड परतीच्या वाटेला करायचं, सावली असली तर सावलीत घ्यायची आणि आपली माणसं येईपर्यंत थांबायचं. आषाढीला राज्यभरातून हजारो जादा गाड्या पंढरपूरला लागतात. त्या गाड्यांच्या किती ड्रायव्हरांनी लांबूनच कळसाला हात जोडले असतील, मोजायला कुणी बसलेलं नाही. आपली माणसं सुखरूप पोचवून सुखरूप परत न्यायची, हीच त्यांची सहल. कासला बाबांनी तुमची गाडी राखली, तुमचे डबे-चपला राखल्या, उन्हात तापू नये म्हणून पाहिलं असेल आणि निघताना तुला मागेपुढे करायला लागू नये म्हणून वळवून ठेवली. तू त्यावर लिहिलंस, ‘तेवढंच काय ते केलं’.

तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून एक गोष्ट हलत नाही. माझं आजोळ डोंगरातलं. तिथे रात्री साडेआठ-नऊला मुक्कामी गाडी यायची. आम्ही पोरं जेवणं टाकून चावडीपाशी पळायचो. आधी लांब वळणावर दिवे दिसायचे, मग नाहीसे व्हायचे, मग एकदम देवळाच्या भिंतीवर उजेड पडायचा. चार माणसं उतरायची. ड्रायव्हर उतरून टायरवर हात फिरवत गाडीभोवती एक चक्कर मारायचा. मग खाकी शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्या आणि पुड्या निघायच्या. कुणाच्या म्हातारीचं औषध, कुणाच्या कॉलेजचा फॉर्म, एकदा तर बारशाला घालायचं झबलं. आजी त्याला डायवरदादा म्हणायची. पिठलं-भाकरीचं ताट मीच नेऊन द्यायची. तो पायरीवर बसून जेवायचा, ताट स्वतः घासून, उपडं करून ठेवायचा. मग गाडीतल्या लांब सीटवर वळकटी पसरायची. पहाटे सहाला दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं घेऊन गाडी परत.

एकदा ताट घेताना त्याने मला विचारलं, कितवीला आहेस? म्हटलं, चौथीला. तो म्हणाला, “आमचा पण चौथीलाच आहे.” आणि बराच वेळ भाकरी मोडली नाही त्याने.

त्याचा तो चौथीतला मुलगा त्या वेळी आपल्या घरी झोपला असेल. बाबा कुठल्या गावात, कुणाच्या पायरीवर जेवतायत, हे त्याला माहीत असेल का, असा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. आज पडतोय, कारण तसाच एक मुलगा मोठा होऊन मला पत्र लिहितोय.

म्हणून म्हणते, घरापासून लांब राहणं म्हणजे काय, हे तुझ्या घरात एकाच माणसाला माहीत आहे. तुला नाही, बायकोला नाही, आईलाही नाही. तू जानेवारीत तिकडे उतरशील तेव्हा पाच-साडेपाचलाच अंधार पडत असेल. ऑफिस सुटेल, खोलीवर जाशील, आणि जेवायच्या वेळेपर्यंतचे ते दोन-तीन तास अंगावर येतील. बायको-मुलगी लगेच बरोबर नसतील तर जास्तच. क्लासमध्ये हे कुणी शिकवलेलं नाही. बाबांनी असे तास किती काढले असतील! परक्या गावात गाडी लावल्यावर झोप लागेपर्यंत ते काय करायचे, कुणाशी बोलायचे, घरची आठवण आली की काय करायचे, हे तू त्यांना कधी विचारलंयस?

नियमांचं म्हणशील तर तू ते नीट वाचलेले दिसतात. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. १ मार्च २०२४पासून ज्यांना पहिल्यांदा तिकडचं कुशल कामगाराचं परमिट किंवा ब्लू कार्ड मिळालं, त्यांना आई-वडिलांनाही नेता येतं, फक्त त्यांच्या खर्चाची आणि आरोग्य विम्याची सोय दाखवावी लागते. या वयात तो विमा सोपा नाही, चौकशी आत्तापासून कर. आणि तू चाललायस त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने २०२४ साली महाराष्ट्राबरोबर कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातल्या कामांच्या यादीत बस चालवणारेही आहेत. तू इंजिनिअर म्हणून जातोयस त्याच राज्याला तुझ्या बाबांच्या हातातलं कामही हवं आहे. फोटो दाखवायचेच असतील तर तिथल्या चौकांचे आणि किल्ल्यांचे नको, तिथल्या बसचे दाखव. डावीकडचं स्टिअरिंग, बर्फात घालायचे टायर, थांब्यावर एका बाजूला झुकणारी बस. मग पेपर उघडतात का बघ.

पण हे सगळं नंतर. त्याआधी एकच काम सांगते आणि ते तू करायचंच आहेस.

गौरी-गणपती झाले की दोन दिवसांची रजा काढ. गाडी चाकणलाच राहू दे. तुझ्या गाडीत बाबा एकतर मागच्या सीटवरचे पाहुणे असतात नाहीतर राखणदार. साताऱ्याला घरी जा आणि रात्री जेवताना म्हण, “बाबा, तुमच्या मुक्कामाच्या गावाला मला न्या. एसटीनं.” जर्मनीचं नाव काढायचं नाही. ‘तुम्हाला जरा बदल होईल’ असलं काही म्हणायचं नाही. ते म्हणतील, कशाला उगाच, आता तिथे कोण ओळखतंय. तू म्हण, मला बघायचंय. तिथेच थांब. गप्प राहायला तुलाही जमलं पाहिजे, ती विद्या बाबांकडूनच आली असेल तुझ्याकडे.

बायको-मुलीला या खेपेला नेऊ नकोस. चिडतील, चिडू देत. दोघंच जा.

स्टँडवर अर्धा तास आधी पोच. त्यांना नियंत्रकाच्या खिडकीशी रेंगाळायचं असेल, रेंगाळू दे. कुणी जुना भेटला तर तू मध्ये बोलू नकोस. बाबांचं आधार कार्ड बरोबर घे, ६५ पूर्ण झाल्यावर अर्धं तिकीट असतं. लहानपणी तुझं अर्धं आणि त्यांचं पूर्ण असायचं, आता उलट. पैसे तू दे. ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरतील, तू शेजारी बस आणि मोबाइल खिशात ठेव. घाटात त्यांचा उजवा पाय हलेल, ब्रेक दाबल्यासारखा. हसू नकोस. एखाद्या वळणावर ते आपणहून काहीतरी सांगायला लागतील. कुठे दरड आली होती, कुठे बाळंतीण गाडीत होती, कुठल्या फाट्यावर एक म्हातारा रोज हात करायचा. तिकडच्या पहिल्या थंडीत तुला हेच लागणार आहे, कान देऊन ऐक.

आणि त्या गावात रात्री थांब. गाडी जिथे उभी राहायची ती जागा ते दाखवतील. कुणाच्या तरी घरी ‘अहो डायवरदादा’ म्हणून हाक येईल, किंवा येणारही नाही, त्या घरात आता सून असेल आणि तिला काही माहीत नसेल. तसं झालं तर कुणाच्या घरून ताट यायचं, पायरी कुठली होती, ते तू विचार. त्या पायरीवर बस त्यांच्याबरोबर.

परत आलास की मला दोनच ओळी लिही. बाबा बरे आहेत की नाहीत, जर्मनीला येणार की नाही, त्यातलं काही नको. गावाचं नाव, आणि रूट.

मावशी