सायकल घरसामानाच्या विम्यात येते का?

प्रश्न : ताई, मी गेल्या वर्षी कार्बन फ्रेमची रोड बाइक घेतली. आमच्या घरातली सर्वांत महाग वस्तू आज तीच आहे. घरसामानाचा विमा आधीपासून आहे. एजंट म्हणतात, ‘सायकल त्यात येतेच, वेगळं काही करायला नको.’ रात्री सायकल कधी खोलीत असते, कधी इमारतीच्या जिन्याखाली कुलूप लावून. मी निर्धास्त राहू का?
— एक सायकलप्रेमी

उत्तर : निर्धास्त राहू नका. एजंटांनी सांगितलं ते खोटं नाही, पण अपुरं आहे. घरसामानाच्या विम्यात सायकल बहुतेक वेळा येते. ती किती रकमेपर्यंत येते, कुठे असताना येते आणि कशी ठेवलेली असताना येते, हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. मी नोकरीची बहुतेक वर्षं दाव्यांच्या विभागात काढली. सायकलींचे अडलेले दावे पाहिले ते जवळजवळ सगळे यांतल्याच एखाद्या ठिकाणी अडलेले.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक छापलेली असते ती सगळ्या सामानाची मिळून विमा रक्कम. आतल्या पानांवर कुठेतरी ‘एका वस्तूसाठी कमाल रक्कम’ अशी ओळ सापडेल. फ्रिज, पलंग, कपाट यांना ती पुरते. तुमच्यासारखी सायकल तिला सहज ओलांडते, आणि मग सायकल चोरीला जावो की आगीत जावो, त्या कमाल रकमेच्या वर काही मिळत नाही. म्हणून सायकल पॉलिसीत नावानिशी नोंदवून घ्या : कंपनी, मॉडेल, फ्रेमचा क्रमांक आणि आज तशीच नवी घ्यायची झाली तर पडेल ती किंमत. विमा कंपनी तशी पुरवणी काढून देते. हप्ता वाढतो, पण तो वाढू द्यावा असंच माझं मत आहे.

किंमत लिहिताना हात आखडता घेऊ नका. बऱ्याच पॉलिसींत सरासरीचं कलम असतं. समजा, घरातलं सामान खरोखर १०० चं आहे आणि विमा ६० चाच उतरवलाय. कंपनीच्या हिशेबाने उरलेल्या ४० ची जोखीम तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलेली असते. त्यामुळे २० चं नुकसान झालं तर हातात १२ पडतात. आता तुमच्या घराकडे पाहा. महाग सायकल आली, सामानाची एकूण किंमत चढली, विमा रक्कम मात्र जुनीच राहिली. उद्या शॉर्टसर्किटने कपाट जळालं, तर सायकलीला ओरखडाही आलेला नसताना कपाटाच्या दाव्याला कात्री लागू शकते. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि ज्यांना ते दाव्याच्या वेळी पहिल्यांदा कळतं त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. म्हणून सायकल नोंदवाल तेव्हा एकूण विमा रक्कमही नव्याने मांडून घ्या.

शिवाय सायकल एकदा घेऊन थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी चाकं बदलतात, मग पेडलवर किती जोर लागतो ते मोजणारा पॉवर मीटर येतो, मग इलेक्ट्रॉनिक गिअर. असा प्रत्येक मोठा बदल कंपनीला कळवा आणि पावती जोडा. भरपाई नव्या सायकलीच्या किमतीने मिळणार की घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून, हेही आत्ताच विचारून ठेवा. घसाऱ्याची पॉलिसी असेल तर चार-पाच वर्षांच्या सायकलीला मिळणाऱ्या रकमेत तशी दुसरी सायकल येत नाही.

आता तुमचा जिना. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे. घरफोडीच्या संरक्षणासाठी पुष्कळ पॉलिसी घरात जबरदस्तीने शिरल्याची खूण मागतात : तुटलेली कडी, उचकटलेलं दार. सामाईक जिना किंवा वाहनतळ हे तुमच्या कुलपातलं घर नव्हे. तिथून गेलेली सायकल काही पॉलिसी मुळीच मानत नाहीत, काही मानतात पण ती हलवता न येणाऱ्या वस्तूला कुलपाने जखडलेली असेल तरच. एजंटांना तोंडी विचारू नका. कंपनीला पत्र किंवा ईमेल लिहा, ‘सायकल सामाईक जिन्याखाली कुलूप लावून ठेवली असता चोरीचं संरक्षण आहे का?’ आणि उत्तर जपून ठेवा. ते येईपर्यंत सायकल खोलीतच राहू द्या.

प्रश्न : माझ्या सायकलीचं पुढचं चाक दुकानासमोरून चोरीला गेलं. फ्रेम खांबाला बांधली होती, ती जागेवर राहिली. पॉलिसीत घराबाहेरचं संरक्षण आहे, तरी दावा नाकारला. असं का?

उत्तर : घराबाहेरच्या संरक्षणातही बहुधा एक अट असते : सुटे भाग आणि जोडसामान सायकलीबरोबर गेलं तरच भरपाई. दिवे, पंप, सीट, चाक एकटंच गेलं तर नाही. तुमच्या पत्राला जोडलेल्या नकाराच्या मजकुरात हेच कलम आहे आणि ते स्पष्ट आहे, त्यामुळे भांडून उपयोग होईल असं मला वाटत नाही.

चाक चटकन काढता यावं म्हणून क्विक रिलीज, म्हणजे अवजाराशिवाय हाताने उघडणारा चाकाचा दांडा, आलं. इटलीचे शर्यतपटू टुलिओ कॅम्पान्योलो यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. शर्यतीत चाक काही क्षणांत काढता यावं, हा त्यामागचा हेतू. तीच सोय रस्त्यावर चोराच्या कामी येते. यापुढे यू-कुलूप फ्रेम आणि मागचं चाक यांतून ओवून खांबाला लावा, पुढचं चाक वायरच्या फाशाने त्यात अडकवा. क्विक रिलीजच्या जागी खास चावीने उघडणारे दांडे मिळतात, तेही बसवता येतील.

कुलपाविषयी दोन गोष्टी लक्षात असू द्या. काही कंपन्या ठरावीक दर्जाचंच कुलूप मागतात आणि दाव्याच्या वेळी त्याची पावती आणि चाव्या पाहायला मागतात. आणि काही पॉलिसींत सायकल बाहेर किती तास सोडता येईल यालाही मर्यादा असते. स्टेशनबाहेर रात्रभर ठेवलेली सायकल त्यात बसत नाही.

प्रश्न : मोटारीने मागून धडक दिली. मला मुका मार लागला, फ्रेम वरून ठीक दिसते. मोटारचालक स्वतःहून भरपाई द्यायला तयार आहे. माझ्या पॉलिसीत अपघाती नुकसानही आहे. दोन्हीकडून घेता येईल का?

उत्तर : प्रकृतीची काळजी घ्या, मुका मार दोन-तीन दिवसांनी जास्त जाणवतो.

दोन्हीकडून घेता येणार नाही. विमा झालेलं नुकसान भरून देतो, त्यावर कमाई करू देत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८८३ मध्ये कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यात हे तत्त्व इतकं स्वच्छ मांडलं की विम्याच्या अभ्यासक्रमात आजही तिथूनच सुरुवात होते. त्या प्रकरणात विकायला काढलेल्या घराला आग लागली होती. मालकाने विम्याचे पैसे घेतले आणि नंतर खरेदीदाराकडून घराची पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने विम्याचे पैसे परत करायला लावले. तुमच्या कंपनीने भरपाई दिली, तर मोटारचालकाकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. म्हणून कंपनीला न विचारता त्याला ‘आता काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका. त्या एका कागदावर तुमचा दावा बुडू शकतो.

फ्रेमचं म्हणाल तर ‘वरून ठीक दिसते’ यावर विसंबू नका. ॲल्युमिनिअम वाकतं, पोचा दिसतो. कार्बनमध्ये आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. अशी फ्रेम पुढे कधीतरी उतारावर दगा देते. कार्बन दुरुस्त करणारे जाणकार अल्ट्रासाउंडने तपासतात, त्यांचा लेखी अहवाल घ्या. तोवर सायकल चालवू नका, दुरुस्त करू नका आणि तुटका भाग टाकूनही देऊ नका. नुकसान तपासायला विमा कंपनीतर्फे येणाऱ्या सर्वेक्षकाला सगळं जसं आहे तसं दिसायला हवं.

याच निमित्ताने एक सांगते. तुम्हाला मोटारीने धडक दिली, तशी एखाद्या दिवशी तुमच्या सायकलीची धडक रस्ता ओलांडणाऱ्या आजींना बसू शकते. सायकलीची किंमत कितीही असो, मोडलेल्या खुब्याचा खर्च आणि कायदेशीर देणं तिच्या कितीतरी वर जाऊ शकतं. घरसामानाच्या काही पॉलिसींत व्यक्तिगत दायित्वाचं संरक्षण असतं, काहींत नसतं, काहींत घेता येतं. मला येणाऱ्या पत्रांत सायकलीच्या किमतीविषयी खूप विचारतात, याविषयी जवळजवळ कोणीच नाही. कृपया विचारा.

प्रश्न : आईसाठी ई-बाइक घेतोय. तीही घरसामानातच नोंदवायची का?

उत्तर : ती कायद्याने सायकल ठरते की मोटार वाहन, यावर ते अवलंबून आहे, कारण घरसामानाच्या पॉलिसी मोटार वाहनं सरसकट वगळतात. ही रेघ देशोदेशी वेगळी आहे. युरोपीय संघात पेडल मारतानाच मदत करणारी, २५० वॉटपर्यंतच्या मोटरची आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी गाडी सायकल धरली जाते. तुमच्याकडचा नियम पाहा, खरेदीच्या पावतीवर मोटरची क्षमता लिहून घ्या आणि कंपनीला ‘ई-बाइक’ असंच कळवा, नुसतं ‘सायकल’ नको. वेगमर्यादा काढून देणारे लोक भेटतील. त्यांना नाही म्हणा. मर्यादा काढली की गाडीचा वर्ग बदलतो आणि विमाही जातो.

बॅटरी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच चार्जरवर, कोणी जागं असताना चार्ज करा, आणि बाहेर पडण्याच्या दारात नको. लिथियम-आयनची आग झपाट्याने वाढते, आणि तिथे वाट अडली तर आईंना बाहेर येता येणार नाही. वापराने बॅटरीचा दम कमी होणं ही झीज आहे, तिची भरपाई विमा सहसा देत नाही.

प्रश्न : घरसामानातच नोंदवावी की सायकलीचा स्वतंत्र विमा घ्यावा? मी शर्यतींत भाग घेतो, विमानाने सायकल नेतो.

उत्तर : मग स्वतंत्र घ्या. घरसामानाचा विमा शर्यत, आणि काही ठिकाणी वेळ मोजून घेतलेली कुठलीही स्पर्धा वगळतो. कामावर जाण्यायेण्याच्या, रविवारी फिरण्याच्या सायकलीला नावानिशी नोंद आणि घराबाहेरचं संरक्षण पुरतं, तुम्हाला नाही. दुसरं असं की सायकलीचा दावा घराच्या पॉलिसीवर नोंदला जातो; नूतनीकरणाच्या वेळी दावा न केल्याची सवलत जाते आणि सगळ्या घराचा हप्ता चढतो. वारंवार पडझड होणाऱ्या सायकलीपायी घराच्या पॉलिसीला हात लावू नये, असं मला वाटतं.

विमानात सायकल फुटली तर विमान कंपनी सगळं भरून देईल, या भरवशावर राहू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा माँट्रिअल करार लागू असेल, तर सामानाची जबाबदारी एका प्रवाशामागे मर्यादित आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. शर्यतीच्या सायकलीला ते पुरत नाही. सामान देतानाच जादा किमतीची घोषणा करून शुल्क भरता येतं, किंवा स्वतंत्र पॉलिसीत हवाई वाहतूक घालून घ्यावी. पेटी हातात आल्यावर विमानतळावरच उघडा. नुकसान दिसलं तर तिथेच लेखी नोंदवा, कारण सामानाच्या नुकसानीची तक्रार ते ताब्यात आल्यापासून सात दिवसांत लेखी द्यावी लागते.

पॉलिसी कुठलीही घ्या, सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटखाली, म्हणजे पेडलांचा अक्ष फ्रेममध्ये बसतो त्या जागेखाली, कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढा. दुसरा फोटो पूर्ण सायकलीचा, सोबत पावत्या. सायकल वापरलेली घेतली असेल तर विकणाऱ्याच्या सहीचा कागद. हे सगळं फोनमध्येच ठेवू नका, स्वतःला ईमेल करून ठेवा. चोरी झाली की पोलिसांतल्या तक्रारीतही हाच क्रमांक लिहायचा असतो.