जळगावात जुनं सागवानी फर्निचर घेऊन घरीच नीट करणं परवडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की जळगावला बदली झालीय, दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे, तर जुनं लाकडी कपाट-पलंग घेऊन घरी दुरुस्त करावं की ऑनलाइन मिळतं ते तयार फर्निचर मागवावं.

परवडतं. पण तुमच्या वेळेची मजुरी लावायला कुणी बसलं तर नाही परवडत. हा वाद आमच्या घरात एका जाळीच्या कपाटावरून सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही, तेव्हा उत्तर जरा लांबणार.

रावेरकडे नात्यातल्या एका घराचं पाडकाम निघालं होतं. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर, आत सागाचे खांब, वर सागाच्या कड्या. सावदा, फैजपूर, रावेर या केळीच्या पट्ट्यात अशी घरं पाडून स्लॅब टाकायचं काम कधीचं चालू आहे. खांब आणि तुळया ठेकेदार घनफुटाने विकतो. नक्षीचा दरवाजा निघाला तर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी झाकून ठेवतो. बाकीचं अंगणात पडून राहतं, आणि आपल्यासारख्यांनी हात घालायचा तो त्या बाकीच्यात. तिथे मला दूध-दही ठेवायचं कपाट दिसलं. फ्रीज यायच्या आधी बऱ्यापैकी घरांत असायचं, तेच. वर निळा ऑइलपेंट, मागची एक फळी गायब, जाळी फाटलेली. ठेकेदार म्हणाला, "ताई, ते जळतणात जाणार होतं, द्या काय द्यायचं ते." दोन हजार दिले. टेम्पोवाल्याने जवळपास तेवढेच घेतले, हेही तुमच्या हिशोबात धरा.

मुंग्या चढू नयेत म्हणून या कपाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. या कपाटाचे चारही पाय खालून चार बोटं काळे पडले होते. तिथे चाकूचं टोक दाबलं की सरळ आत जायचं आणि काळा भुसा घेऊन बाहेर यायचं. त्याच पायावर जरा वर तेच टोक दाबलं तर एक सूतही शिरेना. मला एवढं पुरलं. जुनं सामान बघताना वरची चकाकी बघूच नका, ती कालची असू शकते. आडवं पाडा, पाय बघा, पाठ बघा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ बघा. बारीक भोकं असली म्हणून लगेच घाबरायचं नाही, भोकाखाली ताजं पीठ पडतंय का ते बघायचं. पडत असेल तर कीड अजून आत आहे, हात जोडून निघून यायचं. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आतल्या बाजूला पटाशीने एक ढलपी काढा. सागाला चामड्यासारखा एक वास असतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. दुसऱ्या लाकडावर सागाचा रंग चढवून विकणारे पुष्कळ आहेत, पण वास चढवता येत नाही.

आमच्याकडे श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, बसते. त्याआधी घर धुऊन-रंगवून काढायची पद्धत आहे आणि त्या झपाट्यात कपाटंही सुटत नाहीत. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली गेरूसारखा लाल. आमच्या गल्लीतला पॉलिशवाला म्हणाला, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने एका दिवसात काढून देतो. मी नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. कॉस्टिकने साग काळा पडतो. शिवाय जुने सांधे सरसाचे असतात, ते गरम पाण्याने सुटतात आणि कपाट मोकळ्या फळ्या होऊन हातात येतं. पेंट रिमूव्हर लावा, हातमोजे घाला, गच्चीवर बसा, आणि रंग फुगला की काचेच्या तुकड्याने खरवडा. सुतार वर्षानुवर्षं काचच वापरत आलेत, दुकानातल्या पत्र्याच्या पट्टीपेक्षा ती साफ चालते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय असेल ते असेल. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, वॉटर पेपरने पाणी मारत घासायचा, आणि लहान मूल आसपास नको.

पायांचं काम मात्र मला जमणारं नव्हतं. एक म्हातारे मिस्त्री आले. कुजलेला भाग कापून त्यांनी जुन्या सागाचेच तुकडे तिरप्या सांध्याने जोडले, आत लाकडी खुंट्या मारल्या, खिळा एकही नाही. दाराचे दिल्हे (चौकटीत बसवलेल्या मधल्या फळ्या) खडखड वाजतात म्हणून मी फेव्हिकॉलची बाटली पुढे केली, तर म्हणाले, "त्याले हालू दे माय, तो हाले म्हनीसनच टिके." दिल्हा चौकटीच्या खाचेत मोकळाच ठेवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा लाकूड आटतं, पावसाळ्यात फुगतं. दिल्हा चिकटवून टाकला की त्याला सरकायला जागा उरत नाही आणि तो मधोमध उभा तडकतो. यूट्यूबवर सर्रास चिकटवून दाखवतात. त्यांच्याकडे भुसावळचा उन्हाळा नसावा.

दिवाळीला दीर आले. ते बँकेत आहेत. कपाट बघितलं, दार उघडून बंद करून बघितलं, आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे दिवस सुताराच्या रोजाने धरा, वर पेपर, रिमूव्हर, मिस्त्री, टेम्पो. एवढ्यात वॉरंटीवालं नवीन आलं असतं." जाऊबाईंचं म्हणणं वेगळं. लोकांच्या घरातलं, कुणी काय ठेवलं असेल त्यात, कोण जाणे. जाऊबाईंना मी काही बोलले नाही, कारण स्टीलचे डबे आम्हीही सासूबाईंच्या आईचेच वापरतो.

पण दिरांना तेव्हा जे म्हणायचं राहिलं ते इथे लिहिते. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी जावा ज्वारीच्या बिबड्या (पापडासारख्या) घालतो, मग कुरडया, मग शेवया. पहाटे उठून घाटा हाटायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर घालून मोकळं व्हायचं, दुपारभर कावळे हाकायचे. बिबड्या बाजारात पाकिटात मिळतात. त्या हिशोबात कुणी आजवर आमचा रोज धरला? उलट डबा भरून घरी नेतात. बाईने रांधलं की ते घरचं काम, आणि तिने रंधा धरला की लगेच मजुरी! धरायची तर दोन्हीकडे धरा भाऊजी, नाहीतर कुठेच धरू नका. माझ्या त्या सुट्ट्या टीव्हीपुढे गेल्या असत्या तर त्याचं बिल कुणी काढलं नसतं.

असो. तुमचं बघू. तुमची बदलीची नोकरी आहे, आणि मला वाटतं इथे तीच गोष्ट महत्त्वाची. ऑनलाइन येतं ते बहुतेक भुसा दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड. पुसताना पाणी मुरलं की कडा फुगतात. एकदा जोडून ठेवलं तर चालतं, पण खोलून परत जोडलं की स्क्रू आधीसारखे धरत नाहीत. दोन बदल्यांत त्याचा खुळखुळा होतो. सागाचं कपाट चार बदल्या सहज काढेल, फक्त उचलायला चार माणसं लागतील. शोधायचं तर भुसावळच्या रेल्वे कॉलनीकडे कान ठेवा, बदली झालेले लोक जाताना सामान काढतात. जळगावात भंगारवाल्यांना नंबर देऊन ठेवा. पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराशी ओळख झाली तर उत्तमच. नुसत्या फळ्या किंवा तुळया घेऊन जाणार असाल तर आधी वन खात्याच्या कार्यालयात विचारा, सागाला नाक्यावर अडवतात. आणि जिन्याच्या वळणाचं माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पॉलिश दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात चपडा-स्पिरिटचं (लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं) पॉलिश पांढरं पडतं, हवेतली ओल धरतं. मेमध्ये स्पिरिट लावता लावता उडून जातं आणि पट्टे उठतात. त्यावर गरम चहाचा कप ठेवला तर गोल डाग पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला ते नको, तिथे पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून घ्या. मी कपाटाला फक्त बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, दिलं, पातळ हात, मध्ये चांगलं वाळू देऊन. हे आधी सांगायला हवं होतं: बेलतेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच फेका.

अजून एक, प्रामाणिकपणे. जाऊबाईंचं प्लायवूडचं कपाट आमचं कपाट घरी यायच्या आधीपासूनचं आहे आणि त्याला आजवर काहीही झालेलं नाही. चांगल्या प्रतीचं प्लाय टिकतं. साग म्हटलं की वाळवी लागतच नाही हेही खरं नाही. गाभ्याचं लाकूड टिकतं, कडेचं पांढरं लाकूड कीड खाते, आणि जुन्या सामानात दोन्ही असतात. मी वर जरा तावातावाने लिहिलंय, ते तेवढं वजा करून वाचा.

पलंगाच्या बाबतीत मी दिरांच्या बाजूची. नवीन घ्या. गादीचा सोफा तर जुना अजिबात नको, ढेकूण एकदा घरात आले की भाड्याचं घर बदलावं लागतं. जुना सागाचा पलंग फारच आवडला तर फक्त लाकूड आणा, गच्चीवर खोला, खोललेल्या सांध्यांत उकळतं पाणी ओता (सरसाने चिकटवलेल्या सांध्यांत नको), चार दिवस सावलीत वाळवा आणि मगच खोलीत घ्या.