खाडीकाठचं गॅरेज : मोटर जड नाही, जाम आहे

प्रश्न : नमस्कार दादा. माझी ऐरोलीला पाँटून बोट आहे. खाली अ‍ॅल्युमिनियमच्या दोन लांब नळ्या, वर फळ्यांचा डेक, चारी बाजूंनी रेलिंग. पक्षी बघायला येणाऱ्यांना खाडीत फिरवतो. मागे २५ हॉर्सपॉवरची जुनी टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर आहे, हातानं उचलायची. बटण नाही, गॅसचा दांडाही नाही. ओहोटीला बोट गाळावर बसते म्हणून रोज मोटर वर घ्यावी लागते. आधी पुतण्या उचलायचा. तो महापेला नोकरीला लागला, आता मी आणि माझी कंबर. वय ५८. रेलिंगवरून वाकलो तरी हात नीट पुरत नाही. एकच बरं आहे, अर्ध्यावर दमलो तर सोडून देतो. मोटर तिथंच थांबते, पडत नाही. खाली करताना मात्र वरून ढकलावी लागते. दुकानदार म्हणतो, पॉवर टिल्ट बसवून घ्या, बटण दाबलं की मोटर आपोआप वर येते. बसवू का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तांडेल, तुम्ही ज्याला ‘एकच बरं’ म्हणालात ना, सगळं दुखणं तिथंच आहे. हातानं उचलायची मोटर अर्ध्यावर सोडली की धपकन खाली यायला हवी. तुमची टेकूचा खटका न लावता हवेत उभी राहते, खाली यायला धक्का मागते. म्हणजे ज्या आडव्या नळीवर ती झुलते ती नळी धरली आहे. तुमच्या मोटरचं वजन पन्नासेक किलो, आणि तेही तुम्हाला पूर्ण उचलायचं नसतं, बिजागरीवर फिरवायचं असतं. दाराची बिजागरी गंजली तर आपण दार बदलायला काढत नाही. पॉवर टिल्टचा विषय पुढच्या मोसमाला ठेवा.

आधी एक साधी गोष्ट तपासा, कारण तिच्यात मीही फसलोय. या मोटरींना रिव्हर्सचा खटका असतो. रिव्हर्स गिअरमध्ये पंखा मोटरला वर फेकू पाहतो, म्हणून त्या गिअरमध्ये हा खटका मोटरला खाली जखडून ठेवतो. तुम्ही जेट्टीला लागताना शेवटी रिव्हर्स मारता, इंजिन बंद करता आणि गिअर तसाच राहतो. मग कितीही ओढा. गिअर न्यूट्रलला आणा. काही जुन्या मॉडेलांत फॉरवर्डला टाकावा लागतो. स्टिअरिंग सरळ ठेवा, नाहीतर मोटरचं डोकं पुढं येताना रेलिंगला अडेल. इंजिन बंद करूनच उचलायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

आता ती नळी. मोटर ज्या दोन कंसांनी बोटीला आवळलेली असते, त्यांच्या वरच्या टोकांतून ती आरपार जाते. तिच्यावर ग्रीसचे निपल, म्हणजे ग्रीस भरायची लहान तोंडं असतात, बहुतेक दोन. रंगाखाली किंवा मिठाखाली दडलेले असतील, बोटानं चाचपा. ग्रीसगन लावली आणि ग्रीस बाजूनंच बाहेर आलं, तर निपल बंद आहे. तो पान्यानं काढा. आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं दिसेल, आणि कडेला पांढरी पूड. ही पूड नुसतं मीठ नव्हे. खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं अ‍ॅल्युमिनियम आहे ते, आणि तेच पाचरीसारखं अडकून बसतं. टोकदार तारेनं भोक मोकळं करा, गंज सोडवणारा स्प्रे आत मारा, नळीच्या दोन्ही टोकांनाही मारा. संध्याकाळी मारा, रात्रभर मुरू द्या. सकाळी कोणाला तरी हाताशी घ्या आणि मोटर जेवढी हलते तेवढीच वरखाली झुलवा, चार बोटं तर चार बोटं. पुन्हा स्प्रे, पुन्हा झुलवणं. माझ्याकडे ठाण्याच्या मीठबंदरावर अशी एक मोटर तीन दिवस हटून बसली होती. चौथ्या दिवशी नळीच्या टोकातून तपकिरी चिखलासारखं पाणी ओघळलं आणि ती मऊ झाली.

हातोडा मात्र काढू नका. कंस अ‍ॅल्युमिनियमचे असतात, ते तडकतात, आणि मग दुकानदाराचं म्हणणं आपोआप खरं ठरतं. आठवडाभरानंही हलली नाही तर नळी कारखान्यात दाबयंत्रावर काढून घ्यावी लागेल. तोही खर्च पॉवर टिल्टपेक्षा कमीच.

मोकळी झाली की नवं ग्रीस भरत राहा, टोकांतून जुनं काळं संपून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत. ग्रीस बोटींचंच वापरा. गाडीच्या बेअरिंगचं साधं ग्रीस खारं पाणी धुऊन नेतं. मोसमात महिन्यातून एकदा, आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत मोटर उतरवून ठेवता तेव्हा एकदा. खाली चिंधी धरा. आपली खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेलाचा तवंग आपणच सोडायचा आणि पक्षी आपणच दाखवायचे, हे बरं दिसत नाही. त्याच कारणासाठी मोटर वर घेण्याआधी पेट्रोलची नळी काढा नाहीतर कॉक बंद करा, आणि आत लहान टाकी असेल तर झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळा. आडव्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकतं.

एवढं केल्यावरही रेलिंग आड येणारच. पाँटूनचा हा खोडा आहे : होडीत माणूस मोटरच्या डोक्यापाशी उभा राहतो, पाँटूनवर हातभर लांब. कंबर वाकवून ओढणं बंद करा, कप्पी लावा. मागच्या बाजूला पाइपची एक चौकट उभी करा. तिचे पाय नुसत्या फळीवर नको, फळीखालच्या आडव्या पट्ट्यांना आरपार बोल्ट मारून बसवा. चौकटीला एक दुहेरी कप्पी, मोटरकडच्या बाजूला दुसरी दुहेरी. वजन दोराच्या चार पदरांवर वाटलं गेलं की हाताला चौथा हिस्सा लागतो, घर्षणापोटी थोडा जास्त. बदल्यात दोर चौपट ओढावा लागतो : मोटर दोन फूट वर, तर दोर आठ फूट. बसून ओढा, घाई नाही.

दोर बांधायचा कुठं, यात बरेच जण चुकतात. वरच्या झाकणाला तर मुळीच नाही. ते क्लिपांवर बसलेलं असतं, निघून हातात येईल. मोटरच्या पायाला, पंख्यावरच्या आडव्या पत्र्याच्या वर, पट्टा घाला. बिजागरीपासून जितकं लांब धराल तितकं हलकं जाईल, पहार टोकाला धरतो तसंच. पट्ट्याचं मोकळं टोक पंख्यापर्यंत पोचेल इतकं लांब ठेवू नका, आणि बोट चालू असताना कप्पी सोडून ठेवा. खाडीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या पंख्यात जातात तेवढ्या पुरे.

वर गेली की टेकूचा खटका लावा आणि मगच दोर सैल करा. शिकाऊ असताना मी खटका ‘लागला असेल’ म्हणून हात काढला होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख अजून वाकडंच येतं. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त मोटर परत वर घेऊन खटका दोनदा वाजवून दाखवला. तो आवाज ऐकल्याशिवाय मी आजही बोट कंसात घालत नाही.

खाली करताना आधी इंचभर वर घ्या, टेकूवरचं वजन सुटतं, मग खटका हलतो. वजनाखाली ओढाल तर खटकाच वाकेल. दोराचा एक फेरा खुंटीला मारा आणि हळूहळू सोडा. नळी मोकळी झाल्यावर मोटर खरोखर पडणार आहे, ही सवय तुम्हाला नव्यानं लावून घ्यावी लागेल. धाडकन सोडलेली मोटर मागची फळी खिळखिळी करते.

उथळ पाण्यात पूर्ण वर न घेता मधल्या टप्प्यावर चालवायची सोय तुमच्या मोटरला असेल तर वापरा, पण अगदी सावकाश. पाणी ओढायची भोकं पाण्यात हवीत आणि मागची पिचकारी चालू हवी. ती थांबली की इंजिन लगेच बंद. आपला गाळ आत गेला की पाणीपंपाचं रबर खातो. या टप्प्यावर रिव्हर्स जोरात मारू नका. तो जखडणारा खटका इथं लागत नाही, मोटर उसळून वर येते.

आणि उचलायची वेळ ओहोटीवर सोपवू नका. आपल्याकडची जुनी रीत आहेच : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. ठाण्याकडे आत येईपर्यंत थोडा उशीर होतो. तिथून सहा तासांनी ओहोटी संपते, पण तुमची बोट त्याच्या खूप आधी टेकते. पाण्यात तरंगतानाच मोटर वर घ्या. एकदा पंखा गाळात रुतला की मोटरबरोबर खाडीही उचलावी लागते.

प्रश्न : माझ्या मोटरला पॉवर टिल्ट आहे. परवा खाडीतून परत आलो आणि बटण दाबलं तर नुसता ‘टक’ आवाज. मोटर खालीच. पाणी उतरत होतं, शेवटी चार जणांनी बोटच ढकलून खोल पाण्यात नेली. हातानं उचलायचा काही मार्ग असतो का?
— एक वाचक, वाशी गाव

उत्तर : असतो, आणि तो बोट घेताना दाखवायला हवा होता. कंसाच्या बाजूला एक भोक दिसेल, आत मोठ्या खाचेचा स्क्रू असतो. रुंद स्क्रूड्रायव्हरनं तो डावीकडे फिरवून सैल केला की आतल्या तेलाचा दाब सुटतो आणि मोटर हातानं वर घेता येते. तो स्क्रूही मिठानं धरतो, म्हणून आता धक्क्यावर असतानाच एकदा फिरवून बघा. त्या मापाचा स्क्रूड्रायव्हर बोटीतच ठेवा. नुसता टक आवाज येतो म्हणजे आधी बॅटरी आणि तिच्या तारांची टोकं बघा, हिरवी झाली असतील तर घासा. मग रिले, म्हणजे बटणाचा इशारा मिळाला की टिल्टला वीज सोडणारा स्विच. मोटर वर घेतल्यावर टेकू लावा आणि स्क्रू परत आवळा. सैल राहिला तर पुढच्या वेळी रिव्हर्स मारताच मोटर पाण्याबाहेर येईल.