आरहूसला यायचंय म्हणतोस, तर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. डेन्मार्कच्या आरहूसमध्ये नोकरी लागलीय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, पुण्यात चार वर्षं एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र, करतोयस, आणि मार्टिन काम्पमनसारख्या एमएमए लढवय्याचं गाव म्हटल्यावर तिथं खेळायला वाव असेल ना? मी मूळ कोल्हापूरचा, इथं अकरावं वर्ष चालू आहे. व्हिसा, टॅक्स वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, ते परत उगाळत नाही.

आधी काम्पमनचं. तो इथलाच, १९८२ चा जन्म. पण ज्याच्या गावाला तू निघालास, तोच गाव सोडून गेला. २००६ मध्ये यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, पहिली लढत, आणि मुक्काम अमेरिकेत लास वेगासला, यूएफसीचा माजी विजेता रँडी कूटूरच्या जिममध्ये. नाव झालं ते तिकडं जाऊन. इथल्या क्लबांत संध्याकाळी सराव असतो, शिकवणारा दिवसभर दुसरीकडं नोकरी करून आलेला असतो, आणि शेवटी मॅट सगळ्यांनी मिळून पुसायची. वस्तादाच्या पाया पडायला वाकू नकोस, तो घाबरून मागं सरकेल. मी वाकलो होतो. खेळायला मिळेल, भरपूर मिळेल. त्यावर पोट भरण्याचं मात्र डोक्यातून काढ.

कागदांचं एकच सांगतो, कारण ते कुठं लिहिलेलं नसतं. बायकोची सगळी कागदपत्रं एकाच नावाची करून आण. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधलं नाव एकीकडं वडिलांचं, दुसरीकडं माझं. एका कार्यालयातल्या बाई चार महिने मला विचारत होत्या, की ही दुसरी कोण? मुलाच्या नावात माझं नाव का आलंय, हेही समजावून झालं. पत्त्याशिवाय सीपीआर नंबर (इथला नोंदणी क्रमांक, आपल्या आधारसारखा) नाही, सीपीआर नंबराशिवाय पुढचं काहीच हलत नाही, आणि पत्ता मिळवायचा तर घरमालक तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि वर तीन महिन्यांचं आगाऊ भाडं मागू शकतो. तेवढे पैसे हाताशी ठेव.

आता मुलीची शाळा. खरं तर हे लिहायलाच बसलो, काम्पमन निमित्त.

आम्ही आलो तेव्हा पोरगा सात वर्षांचा होता, दुसरीतला, वीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायचा. आधी त्याला परदेशी मुलांच्या स्वागतवर्गात घातलं, ते ठीकच होतं. वर्षभरानं शाळेत बैठक झाली. कॉफी, दालचिनीची बिस्किटं, तीन बायका, सगळ्या अत्यंत गोड. म्हणाल्या, याला एक इयत्ता खाली बसवू. मी पाढ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रश्न पाढ्यांचा नाही, ‘ट्रिव्सेल’चा आहे. म्हणजे मूल मजेत आहे ना, रुळतंय ना, ते. हा शब्द तुला इतक्या वेळा ऐकू येईल की झोपेत बरळशील. मला डॅनिश धड येत नव्हतं, भांडखोर दिसायचं नव्हतं. मी सही केली.

त्यानंतर केव्हातरी क्लबातल्या एका डॅनिश पोरानं मला काम्पमनची डिएगो सांचेझबरोबरची लढत दाखवली, मार्च २०११ ची, लुईव्हिलची. सांचेझ खाली पाडायला पाय पकडू बघतोय, काम्पमन बहुतेक वेळा झटकतोय. सांचेझचा चेहरा रक्तानं भरलेला. आणि तिन्ही पंचांनी २९-२८ असा सांचेझला विजय दिला. प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुतेक वेळा नऊ; म्हणजे तीनपैकी एक फेरी इकडची तिकडं मोजली की निकाल फिरतो. आधीच्याच ऑक्टोबरात जेक शील्ड्सबरोबर काम्पमन असाच हरला होता, तिथं तर पंचांतच दोन विरुद्ध एक. मी म्हटलं, हे बघ, हे त्या तीन बायकांसारखं. तो डॅनिश पोरगा हसला नाही. म्हणाला, पण पुढं येत कोण होता? सांचेझ. पंचांना ते दिसतं. काम्पमननं जोर लावायला हवा होता.

ते मला झोंबलं. अजून झोंबतं. कारण बैठकीत मी पुढं गेलोच नव्हतो.

काम्पमनची एक खोडच होती. आधी मार खायचा, मग जागा व्हायचा. २०१२ मध्ये सिडनीत थियागो आल्व्हेससमोर मागं होता, शेवटच्या मिनिटात मान आवळून जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये एलेनबर्गरनं सुरुवातीलाच खाली पाडलं, आणि दुसऱ्या फेरीत ह्यानं गुडघे हाणून त्याला आडवं केलं. आणि नोव्हेंबरात हेंड्रिक्ससमोर जागा व्हायला वेळच मिळाला नाही, ४६ सेकंदांत खेळ खलास. पुढच्या वर्षी काँडिटशी हरला आणि मग खेळायचा थांबला.

एकटेपणाचं विचारलंस. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. चांगले दिवे घे, क्लबात जा. बस.

पोरगा आता अठराचा आहे, माझं डॅनिश सुधारतो, ती बैठक त्याला आठवतही नाही. माझे बाबा लाल मातीतले पैलवान, कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या बाजूचे. नातू एक इयत्ता मागं का, तर त्यांना मी सांगितलं, इथं शाळाच उशिरा सुरू होते. ते गेले तोवर हेच खरं धरून होते, शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे. हे मी बायकोलाही बोललो नाही, आणि तुला, अनोळखी माणसाला, लिहून बसलोय.

तुझ्या मुलीला बैठकीला बोलावतील तेव्हा दुभाषी माग, आणि कागद घरी आणून वाच. त्या कितीही गोड बोलल्या तरी तिथल्या तिथं सही करू नकोस.

आणि हो, दाताची कामं तिकडंच उरकून ये. मोठ्यांना इथं दाताचं बरंचसं बिल खिशातून भरावं लागतं, आणि तू तर ठोसे खाणारा माणूस.