स्प्रिंग बदलायच्या आधी नळी पुसून बघा

यावेळी निम्मी पत्रं एअरसॉफ्टचीच, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या खेळातल्या बंदुकांची, आलीत, म्हणून हा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न: दादा, मी जुळे सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या मावसभावाकडनं वापरलेली एम-फोर (त्या नावाच्या रायफलसारखी दिसणारी) घेतली, बॅटरीवर चालणारी, 6 मिमी प्लॅस्टिक बीबीची, म्हणजे गोळ्यांची. मोहोळजवळ आमच्या शेतात पुठ्ठ्याचा खोका ठेवून मारतो तर 20 मीटरच्या पुढं बीबी एकतर खाली बसतो नायतर डावीकडं वळतो. भाऊ म्हणतो एम-120 स्प्रिंग टाक, लांब जाईल. टाकू का? गिअरबॉक्स (गिअर, पिस्टन, स्प्रिंगचा डबा) घरी उघडता येतो का?

उत्तर: नको टाकूस. तुझ्या पत्रातच उत्तर आहे, बीबी डावीकडं वळतो म्हणतोस ना, मग जोर कमी नाहीये, हॉप-अप, म्हणजे बीबीला फिरकी देणारा भाग, बिघडलाय. नळीच्या मागच्या टोकाला रबराची एक छोटी टोपी असते, तिचा उंचवटा वरनं बीबीला घासतो, त्यानं बीबी उलटा गरगरत बाहेर पडतो आणि त्या फिरकीमुळं हवा त्याला उचलून धरते. रबर जरा डावीकडं पिळून बसलं की बीबी डावीकडं जाणार, आणि रबराला तेल लागलेलं असलं की पकडच मिळत नाही, फिरकी नाही, बीबी आपटला खाली. वापरलेल्या गनमध्ये हे दोन्ही सर्रास सापडतं कारण लोक विकायच्या आधी आत भसाभसा तेल मारतात.

तेव्हा आधी नळी बाहेर काढ, रबर काढून बाजूला ठेव, आणि सळईला मऊ सुती कापड गुंडाळून नळी आतनं पूस. कापड जुनं धोतर किंवा बनियनचं घे, आपल्याकडचा टेरी टॉवेल घेऊ नकोस, त्याचे धागे आत सुटतात आणि मग तेच काढत बसावं लागतं. पहिलं कापड काळं येईल, पांढरं येईपर्यंत पूस. रबर साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळव, उंचवटा बरोबर वरच्या बाजूला येईल असं सरळ बसव. मग हॉप शून्यावर आणून थोडा थोडा वाढवत जा, बीबी शेवटपर्यंत सपाट गेला की थांब, टोकाला वर उचलला तर जास्त झालाय. आणि 0.20 ग्रॅमच्या बीबी असतील तर 0.25 च्या घे, शेतातल्या वाऱ्यात हलकी बीबी टिकत नाही.

आता स्प्रिंगचं. एम-100 म्हणजे ढोबळमानानं 0.20 ग्रॅमची बीबी सेकंदाला 100 मीटरनं, म्हणजे 1 जूल. एम-120 टाकलीस की वेग वाढतो 20 टक्के पण ऊर्जा होते 1.44 जूल, आणि हवेचा अडथळाही वेगासोबत वाढतो त्यामुळं अंतर त्या मानानं वाढतच नाही. जपानमध्ये, जिथं हा खेळ जन्माला आला, 2006 पासून कायद्यानं 1 जूलच्या आतच ठेवावं लागतं, तरी तिथली पोरं 40 मीटरवर नेम धरतात, कारण हॉप आणि हवाबंदपणा नीट असतो. वर एम-फोरमध्ये बहुतेक व्हर्जन 2 प्रकारचा गिअरबॉक्स असतो आणि त्याचं कवच पुढच्या बाजूला सिलिंडरच्या खिडकीपाशी नाजूक असतं, कडक स्प्रिंगनं तडकतं ते तिथंच, नायतर पिस्टनचे प्लॅस्टिकचे दात तरी सोलले जातात.

उघडायचाच असेल तर हवाबंदपणा बघायला उघड. पण आधी मॅगझिन काढायचं, एक बीबी आत अडकलेली असू शकते म्हणून जमिनीकडं तोंड करून सिंगलवर एकदा चालवून मगच बॅटरी काढ, स्प्रिंग सुटलेली असली पाहिजे. चष्मा घाल. स्क्रू काढल्यावर स्प्रिंगच्या मागच्या गाइडमध्ये लांब स्क्रूड्रायव्हर घालून दाबून धर आणि मगच कवच उचल. मी पहिल्यांदा दाबून धरलं नव्हतं, गाइड उडून कपाळाला लागला, दोन बोटं खाली लागला असता तर डोळा गेला असता. शिवाय त्या दिवशी खाली सोलापुरी चादर अंथरली होती, अँटी-रिव्हर्सलची, म्हणजे गिअर उलटा फिरू न देणाऱ्या खिटीची, तांदळाएवढी स्प्रिंग तिच्या नक्षीत अशी हरवली की दोन दिवसांनी लोहचुंबक फिरवून सापडली. तेव्हापासून पांढरा पंचा अंथरतो. आत सिलिंडरचं नोझल बोटानं बंद करून पिस्टन ढकल, इंजेक्शनच्या सिरिंजसारखा अडला पाहिजे. सरसर गेला तर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, सैल आहे, सिलिंडर हेडच्या ओ-रिंगखाली नळवाल्याचा पांढरा टेफ्लॉन टेप दोन वेढे दे, पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं.

प्रश्न: 11.1 व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लावली तर फायर रेट वाढतो म्हणे. माझी 7.4 ची थोडी फुगलीय, तोवर तीच वापरू का? (होटगी रोड)

उत्तर: फुगलेली आज बंद करा. टोचू नका, दाबू नका, घंटागाडीत टाकू नका, टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. मे महिन्यात आपल्याकडं पारा 43 च्या वर जातो, त्यात गाडीच्या डिकीत लिपो ठेवली की ती फुगणारच. बॅटरीतला प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट, 3 च्या खाली कधी न्यायचा नाही, आणि ठेवून द्यायची असेल तर 3.8 च्या आसपास. बॅलन्स चार्जरनं (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), फरशीवर, समोर बसून चार्ज करायची, गादीवर किंवा रात्री झोपताना लावून नाही. 11.1 लावायची तर आधी मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवा, नायतर ट्रिगरचे तांब्याचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी जळतात.

प्रश्न: मुलगा 15 वर्षांचा आहे. बंदुकीचं पुढचं नारिंगी टोक त्यानं काळं रंगवायला काढलंय, खरी वाटावी म्हणून. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुका तर सगळ्या काळ्याच असतात असं म्हणतो. मला भीती वाटते. (एक आई, विजापूर रोड)

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे, रंगवू देऊ नका. जत्रेत स्टॉल आहे, फुगे आहेत, सगळ्यांना माहीत असतं काय चाललंय. सात रस्त्यावर संध्याकाळी बॅगेतनं काळी नळी दिसली तर समोरच्याला किंवा पोलिसाला ते कसं कळणार? अमेरिकेत तर बाहेरनं येणाऱ्या अशा गनवर नारिंगी टोक कायद्यानंच लागतं. आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्याशिवाय चालणाऱ्या एअरगनसाठी 20 जूल आणि .177 इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, अशी हद्द आहे आणि एअरसॉफ्टची बीबी 6 मिमीची, म्हणजे त्याहून जाड, तेव्हा सूट आहेच असं धरून चालू नका, पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत एकदा स्वतः जाऊन विचारून या. गन घराबाहेर न्यायची तर बंद बॅगेत आणि कुणीतरी मोठं सोबत. रंगवायची हौस असेल तर मागचा दांडा रंगवू द्या, हिरवा, मातकट, काय हवं ते, आधी पॉलिश पेपर मारून मग पातळ थर देत. आणि गॉगल चारही बाजूंनी बंद होणारा घ्या, बाइकचा चालत नाही, 1 जूलची बीबीसुद्धा डोळा कायमचा घालवू शकते.

प्रश्न: पिस्टनला आमच्या लूमचं तेल चालेल का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर: नाही. खनिज तेलानं ओ-रिंग आणि रबर फुगू शकतं. पिस्टनच्या ओ-रिंगला आणि सिलिंडरला सिलिकॉन ग्रीस लावा, बोटाला जेमतेम लागेल एवढंच, गिअरच्या दातांना जाड ग्रीस वेगळं, आणि हॉपच्या रबराला काहीच लावायचं नाही.