जुन्या गिटारचा रंग घरीच काढावा का?

प्रश्न: मामेभावाने त्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार मला दिलीय. सॉलिड (भरीव) बॉडी, नेक (तारांखालची लांब दांडी) स्क्रूने बसवलेला. हात टेकतो तिथला रंग उडून लाकूड दिसतंय, कडांचे टवके गेलेत, मागे बेल्टच्या बकलचे ओरखडे आहेत. वाजते मात्र मस्त. सगळं घासून घरीच ग्लॉसी काळा स्प्रे मारावा असं वाटतंय. करू का?

उत्तर: आधी ही गिटार नक्की कुठली ते बघा, सँडपेपर त्यानंतर. तारा सैल करा, नेक काढा, फेंडर कंपनीच्या बऱ्याच जुन्या गिटारींमध्ये नेकच्या बुडाला पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्का मारलेली तारीख असते (ती नेकची तारीख, अख्ख्या गिटारची असेलच असं नाही), आणि हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकाला, जिथे तारा पिळतात) किंवा नेक-प्लेटवर (मागे नेकचे स्क्रू बसतात त्या पट्टीवर) सिरीयल नंबर असेल तर तोही टिपून ठेवा. चांगल्या कंपनीची जुनी आणि मूळ रंगातली निघाली तर हात लावू नका प्लीज. अशा गिटारचा मूळ रंग घालवला की किंमत साधारण अर्ध्यावर येते असं धरूनच लोक व्यवहार करतात, आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. झिजलेला रंग म्हणजे बिघाड नव्हे. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटोकास्टरवर (फेंडरचंच एक मॉडेल) रंग जेमतेमच उरला होता आणि लोक ती गिटार त्यावरूनच ओळखतात, फेंडरचं कस्टम शॉप (खास, महागड्या गिटारी बनवणारा विभाग) तर 1990 च्या दशकापासून नवीन गिटारी मुद्दाम झिजवून जास्त पैशाला विकतंय!

साधी, कुठेही मिळणारी गिटार निघाली तर मात्र बिनधास्त करा, शिकायला याहून चांगली वस्तू नाही. फक्त वरचा रंग कुठला ते आधी कळायला हवं. पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) न दिसणाऱ्या जागी कापसावर थेंबभर ॲसिटोन घेऊन टेकवा (प्लास्टिकला लागू देऊ नका, ते विरघळतं). रंग मऊ होऊन चिकट झाला तर लॅकर, बहुतेक नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर). काहीच झालं नाही तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर, आणि मग खरी मेहनत आहे कारण तो थर जाड नि कडक असतो, नुसत्या हाताने घासून काढायचा म्हणजे खांदे भरून येतात. हीट गनने तो फुगून सुटतो पण गन एका जागी धरली की लाकूड करपतं, आणि स्वस्त गिटारवर कधीकधी वर पातळ व्हिनियर (लाकडाचा पापुद्रा) असतं ते जरा जास्त घासलं की खालचा प्लाय उघडा पडतो, मग लाकूड पूर्ण झाकणाऱ्या रंगाशिवाय पर्यायच उरत नाही.

नेक बसतो ती खाच अजिबात घासू नका आणि तिथे रंगाचे थरही चढवू नका, तिथली फिटिंग बिघडली तर गिटार आत्ता वाजते तशी वाजणार नाही. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा, दोनतीन बाजूंनी.

आता ग्लॉसी काळा. पहिल्याच खेपेला हा रंग नका घेऊ असं मी मनापासून सांगते, आरशासारख्या काळ्यात प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खळगा दिसतो. ॲश किंवा महोगनीसारखं उघड्या रंध्रांचं लाकूड असेल तर आधी ग्रेन फिलर (रंध्रं बुजवायचा लेप) भरून सपाट करावं लागतं, नाहीतर रंग सुकल्यावर बारीक भोकं वर येतात. नायट्रो मारलात तर पॉलिशच्या आधी तीन-चार आठवडे तशीच टांगून ठेवायची, घाई केली की थर नंतर आक्रसतो. स्प्रे मोकळ्या हवेत, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रंगाची वाफ अडवणारा) मास्क लावूनच, आगीपासून लांब. दोन भाग मिसळायचे टू-के क्लिअर (वरून मारायचा पारदर्शक थर) घरी नकोच, त्यात आयसोसायनेट नावाची घातक रसायनं असतात, साध्या मास्कने भागत नाही.

त्यापेक्षा मॅट किंवा तेलाचं फिनिश सोपं, चुकलं तरी तेवढाच भाग पुन्हा घासून लावता येतो. पण जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

तुमची गिटार मस्त वाजते म्हणताय, म्हणून माझं मत विचाराल तर पैसे आधी फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि वायरिंगवर घाला. टवक्यांच्या कडा उचकटल्या असतील तर सुपरग्लूचा थेंब पुरतो. तरीही काळीच हवी असेल तर नेकच्या बुडाचा आणि सिरीयल नंबरचा फोटो पाठवा, बघून सांगते.